देणारे रांगेत, मागणारं कोणीच नाही

परभणीहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या वसाहतीत ६४ घरं. दिवाळीच्या साफसफाईत घरोघरी नको असलेलं सामान निघालं, तेव्हा सगळ्यांनी मिळून समाजमंदिराची मागची खोली घेतली आणि ‘नवं घेण्याआधी इथं बघा’ असा फलक लावला. आठ दिवसांत खोली छताला टेकली. आता चार महिने झाले. तिथून फारसं कोणी काही नेत नाही, जे वापरायला नेलं त्यातलं निम्मं परत आलं नाही, आणि एका घरचा मिक्सर दुसऱ्या घरातून जळून आला म्हणून त्या दोन घरांचं बोलणं बंद आहे. “आमची माणसंच अशी, की आमचं काही चुकलं?” असं त्या विचारतात.

माणसं ठीक आहेत ताई. खोली घेतली तिथं चुकलं. खोली उघडली की देणाऱ्यांची सोय होते. घरातली अडगळ जाते, वर पुण्य पदरात पडतं. देताना कोणी लाजत नाही. मागताना मात्र भल्याभल्यांची जीभ टाळूला चिकटते. तुमची सगळी मांडणी देणाऱ्यासाठी झाली, मागणाऱ्यासाठी काहीच नाही. मी लातुरात सतरा वर्षं घरोघरच्या वस्तू एकमेकांकडे फिरवण्याचं हे काम करते. आधी गल्लीपुरतं होतं, आता तीनेकशे घरं जोडलेली आहेत. पहिली दोन वर्षं मीही अशीच खोली भरून बसले होते.

सुरुवात कशी झाली ते सांगते, त्यात अर्धं उत्तर आहे. सासूबाई न्हाणीत पडल्या, मांडीचं हाड मोडलं. वॉकर आणला, कमोडची खुर्ची आणली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली. चार महिन्यांत त्या हिंडूफिरू लागल्या आणि सगळं माळ्यावर गेलं. वर्षभराने कळलं की आमच्यापासून तिसऱ्या घरातल्या आजोबांना पक्षाघात झाला, तेव्हा त्यांच्या मुलाने हेच सगळं नवं कोरं घेतलं होतं. मी त्याला म्हटलं, “अरे, आमच्याकडं पडलंच होतं की, मागायचं नाही का?” तो म्हणाला, “मावशी, तुमच्याकडं आहे हे माहीत होतं. पण मागायचं कसं वो?” माहिती होती, सामान होतं, घर तीन दारांवर होतं. अडलं ते त्या एका वाक्यात.

आणि ही लाज आपल्या मुलखात जरा जास्तच आहे. दुष्काळ पाहिलेली माणसं आहोत. दुसऱ्याचं जुनं अंगावर घेणं म्हणजे घरची परिस्थिती चव्हाट्यावर मांडणं, असं मनात पक्कं बसलेलं. आमच्या पहिल्या खोलीत एका बाईंना त्यांच्या लेकराच्या मापाचा स्वेटर दाखवला, तर त्या म्हणाल्या, “कामून वो, आमच्यावर एवढी पाळी आली का?” स्वेटर चांगला होता, लेकराला थंडी वाजत होती, पण माझ्या तोंडून ‘घेऊन जा, तुम्हाला उपयोगी पडेल’ असं निघालं होतं. त्यात मी वर आणि त्या खाली झाल्या.

आता गंमत बघा. याच बाई शेजारून वाटीभर साखर मागताना अजिबात लाजत नव्हत्या. कारण ते ‘उसनं’ असतं. उसनं नेलेलं परत जातं, मोजून जातं आणि शक्यतो शिगोशीग भरून जातं. डबा दुसऱ्याचा आला तर तो रिकामा धाडायचा नाही, निदान चार शेंगा तरी घालायच्या. एक-एक बैल असलेले दोन शेतकरी जोडी लावून आधी याचं, मग त्याचं रान पाळीत आणतात, त्याला सावड म्हणा नाहीतर वारंगुळा म्हणा, त्यात कोणी कोणावर उपकार करत नाही. म्हणजे वस्तू फिरवण्याची सवय आपल्या हाडीमासी आहे. फक्त तिची बोली उसन्याची आहे, दानाची नाही. तुमच्या फलकावर, निरोपात, बोलण्यात कुठं ‘गरजू’, ‘दान’, ‘मदत’ हे शब्द असतील तर आजच पुसा. ‘गरजूंसाठी’ लिहिलेल्या ढिगाला गरजवंत तर हात लावतच नाही.

इराणात मशहद शहरात २०१५ च्या हिवाळ्यात भिंतीला खुंट्या ठोकून कपडे अडकवण्याची कल्पना निघाली आणि वर्षभरात आपल्याकडेही ठिकठिकाणी ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली. नको असेल ते ठेवा, हवं असेल ते न्या. चांगली कल्पना. पण मी पाहिलेल्या भिंतींचं पुढं काय झालं? पहिले पंधरा दिवस इस्त्रीचे कपडे, नंतर फाटके, नंतर एकेक बूट, आणि पहिल्या पावसात ओल्या चिंध्यांचा ढीग. तिथं नेणाऱ्याचं नाव कोणाला ठाऊक नसतं, म्हणून लाज वाचते हे खरं. पण ठेवणाऱ्याचंही नाव नसतं, म्हणून त्याला काहीही ठेवता येतं. २०२३ च्या मे महिन्यात देशभरातल्या नगरपालिकांनी जुन्या वस्तूंची आरआरआर (रिड्यूस, रीयूज, रीसायकल) केंद्रं उघडली होती. त्यातली जिथं कोणीतरी बाई-माणूस रोज बसून प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहत होतं तीच नीट चालताना मला दिसली. बाकीची गोदामं झाली.

तेव्हा पहिलं काम: खोलीला कुलूप लावा. ज्याचं सामान त्याला परत न्यायला सांगा. “ठेवायचं तुमच्याच घरी, फक्त आमच्या वहीत लिहायचं” असं सांगा. जे कोणी परत नेणार नाही, ते भंगार समजून विकून टाका आणि ते पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. माझ्याकडे आज एकही खोली नाही. एक जाड रजिस्टर आहे आणि एक फोन आहे. वस्तू मालकाच्या घरी राहते, तोच तिची धूळ पुसतो, आणि मागणारा थेट त्याच्या दारात जातो. चहा होतो. ओळख असलेल्या माणसाची शिडी कोणी बुडवत नाही.

दुसरं, यादी उलटी लिहा. ‘देणे आहे’ची यादी बंद करून ‘हवं आहे’ची सुरू करा. व्हॉट्सॲपच्या गटावर रोज सकाळी एकच निरोप: कोणाला काय हवं आहे, किती दिवसांसाठी. मागणारा मला खासगीत सांगतो, मी नाव न घालता टाकते: “एक पाळणा हवा आहे, सहा महिन्यांसाठी.” ज्याच्याकडे असेल तो मला कळवतो, मग मी दोघांची गाठ घालून देते. पहिल्या वाक्याची लाज मधल्या माणसाने गिळायची, एवढंच माझं काम.

तिसरं, आणि हे मी फार उशिरा शिकले, पहिले मागणारे प्रतिष्ठित असले पाहिजेत. आमच्याकडे गाडं हललं ते एका डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या डोहाळजेवणाला बंगई, म्हणजे झोपाळा, मागितली तेव्हा. दुसऱ्या दिवशी गटावर फोटो आला आणि त्यात त्यांनी लिहिलं की बंगई अमक्यांच्या घरून उसनी आणली. त्या महिन्यात मागण्यांची रीघ लागली. तुमच्या समितीत जे पाच-सात जण असतील, त्यांनी महिन्याभरात प्रत्येकी किमान एक वस्तू उसनी आणायची आणि ती सगळ्यांना दिसेल अशी वापरायची. ज्याला मागता येत नाही त्याला समितीत ठेवू नका. असे लोक देण्यात फार पुढे असतात आणि त्यांच्यामुळेच खोल्या भरतात.

आता कोणत्या वस्तू फिरवायच्या. माझा हिशोब सोपा आहे: वर्षातून दहा-बारा वेळाच लागणारी, पटकन न मोडणारी, आणि सगळ्यांना एकाच दिवशी न लागणारी. शिडी, ड्रिल मशीन, टिकाव-खोरं, घमेली, पाळणा, लेकरांची तीनचाकी, पाहुण्यांसाठी गाद्या, मोठी पातेली, काहील, झारे, कुरडयांचा सोऱ्या, शेवयांचं यंत्र, वजनकाटा, प्रवासाची मोठी बॅग, आणि आजारपणातलं सगळं साहित्य. यात पहिल्या दोन अटी सगळ्यांच्या लक्षात येतात. घोळ होतो तो तिसऱ्या अटीत.

आमचा मोठ्या पातेल्यांचा संच लग्नसराईत उत्तम फिरतो, कारण मुहूर्त वेगवेगळे. पण लातूर-धाराशिवकडं येळवस असते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खं गाव शेतात. भज्जी आणि आंबील घरटी मोठाल्या भांड्यांत, आणि वाटेने जाणाऱ्यालाही बोलावून जेवू घालायचं. त्या एका दिवशी तीनशे घरांना तीनशे पातेली लागतात. पहिल्या वर्षी मी सहा पातेली पंचवीस घरांना कबूल केली होती. काय झालं असेल ते तुम्ही समजून घ्या. आता येळवसाला ही देवघेव बंद ठेवते आणि आधीच सांगते की घरचं घरी बघा.

शेतात हाच प्रश्न फार मोठ्या पैशांचा होतो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्यात मराठवाड्यातले आठही जिल्हे आहेत, शेतकरी गटांना आणि कंपन्यांना अवजार बँकेसाठी अनुदान मिळालं. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मळणी यंत्र, बीबीएफ (रुंद सरी-वरंब्याचं) पेरणी यंत्र असं सगळं आलं. मळणी यंत्र छान वाटून वापरता येतं, कारण काढलेल्या सोयाबीनची गंज झाकून आठ दिवस थांबते. पेरणी यंत्राला ती मुभा नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला, वापसा आला, म्हणजे रान पेरण्याजोगं झालं, की तीन-चार दिवसांत सगळ्यांना तेच यंत्र हवं, आणि मागे राहिलेल्याला वाटतं आपल्याला मुद्दाम मागे टाकलं. आमच्या माहेरच्या गावातल्या गटाने त्यावर तोडगा काढला तो मला फार आवडला. हलक्या रानाला वापसा आधी येतो, भारी काळ्या रानाला उशिरा, म्हणून क्रम जमिनीवरून लावायचा. एकसारख्या रानवाल्यांत चिठ्ठ्या टाकायच्या, त्याही मृगाच्या आधी, पारावर, सगळ्यांसमोर. ढग भरून आल्यावर कोणीही शहाणपणाने वागत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरकरांनी जे भोगलं ते तुम्ही परभणीहून पाहिलं असेल. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींत साधारण पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात ज्याला-त्याला टाकी आणि ड्रम हवे होते आणि ते एकमेकांना देण्याचा प्रश्नच नव्हता, रिकामं डबडंसुद्धा कोणी हातचं सोडलं नाही. मी तेव्हा गटावर ‘ज्यादा ड्रम असल्यास कळवा’ असं टाकलं होतं, एकही उत्तर आलं नाही आणि मला थोडा रागही आला होता. आता वाटतं, राग चुकीचा होता. पण पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच टाक्या गच्च्यांवर उपड्या पडल्या. आज त्यातल्या चाळीसेक माझ्या रजिस्टरात आहेत. लग्नात, बांधकामाला, बोअर बिघडला की त्या फिरतात.

आता तुमच्या मिक्सरकडे वळते, कारण भांडण तिथं आहे. आधी एक गोष्ट करा. तो अजून भंगारात गेला नसेल तर उलटा करून बघा. बहुतेक मिक्सरांच्या बुडाला एक लहान लाल बटण असतं. भांड्यात जास्त भार झाला की ते आपोआप बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. पाच-दहा मिनिटं गार होऊ द्यायचा, बटण आत दाबायचं, चालू. तरीही नाही झाला तर कार्बन झिजले असतील, ते बदलणं किरकोळ काम आहे. जळका वास येत असेल आणि पातं हातानेही फिरत नसेल तर मोटार गेली. माझ्याकडे ‘जळून आलेले’ जे मिक्सर आले, त्यातले कितीतरी नुसत्या बटणावर उठले.

पण समजा खरंच जळाला. कोणी भरायचं? हे नेण्याआधी ठरलं नव्हतं, म्हणून बोलणं बंद झालं. आपल्याकडे याचा कायदाही आहे, आणि तो जुना व शहाणा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १५० सांगतं की वस्तू देणाऱ्याने तिचे माहीत असलेले दोष घेणाऱ्याला सांगितले पाहिजेत. न सांगितल्यामुळे नुकसान झालं तर देणारा जबाबदार. कलम १५१ सांगतं की घेणाऱ्याने ती वस्तू साधारण समजूतदार माणूस स्वतःची वस्तू जपतो तशी जपली पाहिजे. आणि तशी जपूनही काही झालं, तर वेगळा करार नसेल तेव्हा घेणारा भरपाई देणं लागत नाही, हे कलम १५२. कोर्टात कोणी जायचं नाही हो, पण भांडण सोडवताना मी हीच तीन कलमं साध्या भाषेत विचारते. मिक्सर सुकी हळद दळताना आधीही गरम व्हायचा का? सांगितलं होतं का? त्यात नेमकं काय दळलं? बहुतेक वेळा दोन्हीकडून थोडं-थोडं निघतं आणि मग अर्धं-अर्धं होतं.

याच कलम १५० मध्ये एक बारीक गोष्ट आहे, जिच्यामुळे मी भाडं घेणं सोडलं. फुकट दिलेल्या वस्तूत फक्त माहीत असलेल्या दोषाची जबाबदारी देणाऱ्यावर येते. भाड्याने दिली की माहीत नसलेल्या दोषाचीही येते. दहा-वीस रुपयांसाठी शिडीच्या आतून गंजलेल्या पायरीचं ओझं कोणी डोक्यावर घ्यावं? आम्ही वर्षाची वर्गणी घेतो, घरटी २०० रुपये. त्यातून दुरुस्ती होते. वस्तूवर भाडं नाही. फक्त आजारपणातल्या साहित्यावर अनामत घेतो, कारण माणूस गेल्यानंतर त्या घराला वॉकर परत करायचं सुचत नाही आणि आपल्याला मागायची हिंमत होत नाही. अनामत असली की तेरावं झाल्यावर कोणीतरी नातेवाईक आपणहून घेऊन येतो.

उशिराचा दंड लावू नका. आम्ही लावून पाहिला, दिवसाला १० रुपये. काय झालं तर आधी उशीर झाला की लोक ओशाळायचे, दंड आल्यावर ऐटीत ठेवून घेऊ लागले. “दंड देतो की वो!” दंड काढला आणि त्याऐवजी एवढंच करते: ठरलेल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी फोन. “उद्या ती शिडी पुढच्या घरी जायची आहे, तिथं रंगकाम आहे.” पुढचा माणूस वाट बघतोय हे कळलं की शिडी निघते. पुढचा कोणीच नसेल तर मी फोनही करत नाही, राहू दे चार दिवस.

वहीत मी काय लिहिते? वस्तू, मालक, नेणारा, कधी नेली, कधी यायची, आणि एक मोठा रकाना ‘आधीचं दुखणं’. ‘झाकणाची पकड सैल’, ‘एक चाक कुरकुरतं’, ‘वायर खालून चिकटपट्टी लावलेली’. नेताना फोनवर एक फोटो. विजेच्या वस्तूचा मी स्वतः तीन पिनांचा प्लग, वायर आणि बॉडीला शॉक येतो का एवढं टेस्टरने पाहून घेते. उन्हाळी कूलरच्या बाबतीत तर हे सोडूच नका. आपल्याकडे पत्र्याचे कूलर, त्यात पाणी, खाली ओली फरशी, आणि अर्थिंगचा पत्ता नाही. कूलर दुसऱ्या घरी गेला की तिथल्या सॉकेटला अर्थिंग आहे का हेही बघावं लागतं. नसेल तर कूलर परत आणते, कोणी कितीही रागावलं तरी.

बिनशर्त फिरवू नये अशा वस्तूंत हेल्मेट पहिलं. एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून नवं दिसलं तरी आतून गेलेलं असतं. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर साल छापलेलं असतं, जुनी नळी कोणालाच देऊ नका. कापसाची गादी उन्हात दोन दिवस टाकून, शिवणी उसवून ढेकूण पाहिल्याशिवाय नाही. जुना मोबाईल कोणी आणला तर त्याचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक घ्या, इंग्रजीत ‘KYM’ लिहून त्यापुढे तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं.

आतापर्यंत उसन्याचं झालं. कायमच्या अदलाबदलीचं शास्त्र जरा वेगळं आहे. मी सुरुवातीला गुणांची पद्धत काढली होती. साडी दिली की पाच कूपन, कुकर दिला की आठ. तीन महिने आम्ही फक्त भांडत होतो. “माझी इरकल पाचाची आणि तिचं नायलॉनही पाचाचंच?” शेवटी कूपनं बंबात घातली. बरोबरी मोजायला बसलं की प्रत्येकाला आपली वस्तू सोन्याची दिसते. आता संक्रांतीच्या सुमारास एक दिवस ठेवतो. सकाळी प्रत्येकीने आणलेलं सतरंजीवर मांडायचं, नावाशिवाय. दुपारी सगळ्यांनी हवं ते उचलायचं, जेवढं आणलं तेवढे नग. उरलेलं संध्याकाळी जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडीवालीला. ती बाई सगळ्यात हुशार, कोणत्या साडीला अजून दोन वर्षं आयुष्य आहे हे ती पदर हातात धरून सांगते. आणि जे तीही घेत नाही त्याच्या वाकळा होतात.

लेकरांच्या पुस्तकांत लक्ष घालायचं तर नववीपासून पुढे घाला. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं मोफतच मिळतात. अदलाबदल करताना मुखपृष्ठ बघू नका, आतली आवृत्ती बघा. अभ्यासक्रम बदलला असेल तर पोराच्या हातात जुनं पुस्तक देऊन आपण त्याचं नुकसान करतो.

लातुरात हा विषय वेगळ्याच पातळीवर आहे. नीट-जेईईसाठी अख्ख्या मराठवाड्यातून पोरं इथं येतात, खोल्या करून राहतात, आणि मे महिन्यात परीक्षा झाली की खाट, गादी, टेबल, कूलर आणि पोतंभर नोट्स टाकून गावी जातात. जूनमध्ये नवी पोरं येतात आणि तेच सगळं नवं विकत घेतात. मधल्या चार आठवड्यांचं अंतर जोडणं हेच आमचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम. जाणाऱ्या पोराच्या बापाला मी म्हणते, टेम्पोचं भाडं देऊन हे परभणीला, हिंगोलीला नेण्यापेक्षा इथंच ठेवा, तुमच्या तालुक्यातलंच एखादं पोर जूनमध्ये येईल. कूलर-टेबल निभतं. नोट्समध्ये मात्र सावध राहावं लागतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२४ च्या नीटसाठी अभ्यासक्रम कमी केला, रसायनशास्त्रातले सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स असे धडे गेले. त्याआधीच्या नोट्स घेतलेलं पोर नको असलेल्या धड्यांवर दिवाळीपर्यंत रात्री जाळतं. म्हणून नोट्सच्या गठ्ठ्यावर साल लिहिल्याशिवाय मी तो हलवू देत नाही.

गावाकडची कोणी हे वाचत असतील तर बियाण्याचंही सांगून ठेवते, कारण अदलाबदलीचा आपला सगळ्यात जुना माल तोच. घरचं सोयाबीन बियाणं शेजाऱ्याला देणं, बदलून घेणं याला २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ ने मोकळीक आहे. ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही एवढंच. सोयाबीन स्वपरागी, त्यामुळे घरचं बियाणं चालतं. संकरित कपाशीचं चालत नाही. पण द्यायच्या आधी उगवण पाहा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा, चार-पाच दिवसांनी मोजा. शंभरात सत्तर उगवले तर द्या. पन्नास-साठ निघाले तर तसं सांगून द्या, म्हणजे घेणारा बी वाढवून पेरेल. माझ्या रजिस्टरातला ‘आधीचं दुखणं’चा रकाना मी माझ्या भावाच्या या गोणपाटावरून घेतला.

तुमच्या वसाहतीत आता काय कराल? कुलपाचं सांगितलं. मिक्सर उलटा करून बघा. तो उठला तर ज्यांचा होता त्यांच्या घरी तुम्ही स्वतः घेऊन जा, दुसऱ्या घरातल्या बाईंनाही बरोबर न्या, आणि बटण त्यांच्याच हाताने दाबू द्या. मोटार गेली असेल तर यावेळी समितीने भरा आणि हे शेवटचं म्हणून सांगा. पुढच्या महिन्यात वाळवणं सुरू होतील. पितळी सोऱ्या तुमच्या वसाहतीत दोन-तीन घरांतच असेल, आणि बाकीच्या बायका बाजारातून पातळ पत्र्याचा आणतील, जो गव्हाच्या चिकाला दोन वर्षंही टिकत नाही. पहिल्यांदा तुम्हीच जा मागायला, गटावर सांगून जा. आणि परत द्यायला जाल तेव्हा सोऱ्या धुऊन, पुसून, चकत्या मोजून द्या, सोबत एका डब्यात पहिल्या घाण्याच्या कुरडया.